आमच्या घरातील दक्षिण

विषयाला हात घालण्यापूर्वी थोडी घरगुती हकीकत सांगणे भाग आहे. वर्गात मी हे टाळतो, कारण प्राध्यापक घरच्या गोष्टी सांगू लागला की मागच्या बाकांवरचे विद्यार्थी वह्या मिटतात. वार्षिकांकात तेवढी सवलत असावी.

माझ्या थोरल्या मुलीने हैदराबादेत नोकरी धरली आणि दोन वर्षांनी एका रविवारी सकाळी फोन करून सांगितले, "बाबा, मी लग्न ठरवलं आहे." मुलगा वरंगळचा, तेलुगू. मी "बरं" म्हणालो आणि पुढचा अर्धा तास वर्तमानपत्राचे एकच पान वाचत बसलो. ते पान जाहिरातींचे होते, हे नंतर सौभाग्यवतींनी लक्षात आणून दिले. फोनवर काय झाले ते सांगितल्यावर त्यांनी विचारले, "म्हणजे मद्रासी काय जी?"

या ठिकाणी मी त्यांना भूगोल शिकवायला हवा होता. आपल्या हिंगण्याजवळून निघणारा समृद्धी महामार्ग ७०१ किलोमीटरचा आहे, आणि इतके अंतर कापूनही तो मुंबईत पोचत नाही, भिवंडीजवळच्या आमणे गावी संपतो. हैदराबाद मात्र नागपूरहून सुमारे ५०० किलोमीटर. म्हणजे राजधानीपेक्षा 'परमुलूख' आपल्याला जवळचा. रात्री बसमध्ये बसावे आणि सकाळी उतरावे. परंतु त्या रविवारी मला किलोमीटर सुचले नाहीत. माझी भीती जातीची नव्हती, भाताचीही नव्हती. तीस वर्षे मराठी शिकवणाऱ्या माणसाची नातवंडे मराठी बोलणार नाहीत, ही ती भीती होती. ती मी कोणाजवळ बोललो नाही.

गंमत अशी की या तीस वर्षांत मी दरसाल 'मराठीवरील द्राविड प्रभाव' या विषयावर एक टीप विद्यार्थ्यांकडून लिहवून घेत आलो होतो. टीप पाच गुणांची. अण्णा, अक्का, अप्पा, तूप आणि अडकित्ता असे पाच शब्द लिहिले की पाच गुण. कानडी-तेलुगूतला 'तुप्प', कानडीतला सुपारीवाचक 'अडके', हे सारे मी फळ्यावर अनेकदा लिहिले आहे. ती टीप माझ्याच घराबद्दल आहे, हे मात्र कधी मनात आले नव्हते.

बोलणी करण्यासाठी वरंगळहून मंडळी आली. आमच्या घरी आदल्या दिवसापासून धांदल. सकाळी सौभाग्यवतींनी मला स्वयंपाकघरातून हाक मारली, "अहो, सांबार संपला. पाहुणे येऊन राहिले, दोन जुड्या घेऊन या." त्या वेळी विहीणबाई ओसरीवर पाय ठेवत होत्या. त्यांना मराठी येत नव्हते, पण 'सांबार' हा शब्द त्यांनी नेमका टिपला. आपल्यासाठी मुद्दाम सांबार होत आहे, असे समजून त्या संकोचल्या आणि मुलामार्फत निरोप आला की, एवढा त्रास घेऊ नका, तुमच्याकडचे जे असेल ते आम्ही आनंदाने खाऊ. थोड्या वेळाने मी पिशवीतून हिरव्यागार दोन जुड्या काढल्या. विहीणबाईंनी त्या पाहिल्या आणि उद्गारल्या, "कोत्तिमीर!"

नागपूरकडे न राहिलेल्या वाचकांसाठी खुलासा केला पाहिजे. विदर्भात कोथिंबिरीला सांबार म्हणतात. आपली सांबारवडी ती याच सांबाराची. दक्षिणेतल्या आंबटगोड आमटीशी तिचा काही संबंध नाही. पुण्यामुंबईचे पाहुणे या शब्दाला हमखास फसतात. पण आमच्या घरी प्रकार उलटाच झाला. पुस्तकी मराठीतली 'कोथिंबीर' तेलुगूतल्या 'कोत्तिमीर'ची सख्खी बहीण शोभते, कानडीत तीच 'कोत्तंबरी' होते, आणि संस्कृतातला 'कुस्तुंबुरु' हा मुळात द्राविडांकडून आलेला असावा, असे अनेक अभ्यासक मानतात. थोडक्यात, त्या दिवशी मी नागपुरी सोडून पुणेरी बोललो असतो तर वरंगळच्या बाईंना दुभाष्याची गरज पडली नसती! (संभाजी महाराजांसाठी तंजावरच्या मुदपाकखान्यात प्रथम सांबार शिजले आणि त्यावरून त्याला नाव पडले, ही कथा विद्यार्थी मला दरवर्षी सांगतात. कथा गोड आहे. तिला समकालीन पुरावा कोणी दाखवत नाही, म्हणून उत्तरपत्रिकेत ती लिहू नये.)

जेवताना दुसरा घोटाळा झाला. विहीणबाईंना वरण हवे होते. त्या "पप्पू, पप्पू" म्हणाल्या आणि शेजारचा सहा वर्षांचा पप्पू धावत पानाजवळ येऊन उभा राहिला. तेलुगूत पप्पु म्हणजे डाळ. त्या दिवसापासून तो मुलगा आपले नाव पूर्ण सांगतो.

असो. आता मूळ विषयाकडे येतो.

जेवणे झाल्यावर नात्यांची ओळख सुरू झाली. मुलीने सासूला काय म्हणायचे, असे सौभाग्यवतींनी विचारले. उत्तर आले, "अत्तम्मा." आणि सासऱ्याला? "मामय्या." हे ऐकल्यावर माझी म्हातारी आई, जी तोपर्यंत कोपऱ्यात जपमाळ घेऊन बसली होती आणि या संबंधाबद्दल जिने एक अक्षरही काढले नव्हते, ती म्हणाली, "मग यात नवं काय आहे? मी पण आत्याबाई अन् मामंजीच म्हणत होते."

मी चमकलो. खरोखरच माझी आई माझ्या आजोबांना मामंजी म्हणे आणि आजीला आत्याबाई. माझे वडील तिच्या नात्यातले नव्हते. आजोबा तिचे मामा लागत नव्हते, आजी तिची आत्या नव्हती. तरीही लग्न होऊन घरात आलेली सून सासूसासऱ्यांना याच नावांनी हाक मारी, कारण शेजारच्या साऱ्या सुना तसेच करत. भाषेत अशी पुष्कळ नाणी चालतात, ज्यांच्यावरचा राजाचा छाप झिजून गेलेला असतो.

तो छाप कोणता, हे पाहण्यासारखे आहे. दक्षिणेकडील नात्यांच्या रचनेत आईची बहीण ही आईसारखी आणि वडिलांचा भाऊ हा वडिलांसारखा. तेलुगूत तर शब्दच तसे आहेत. मोठी मावशी ती 'पेद्दम्मा', म्हणजे मोठी आई. मोठे काका ते 'पेदनान्न', म्हणजे मोठे वडील. त्यांची मुले ही भावंडेच. पण आईचा भाऊ आणि वडिलांची बहीण ही दोन माणसे भिंतीच्या पलीकडची. त्यांची मुले भावंडे नव्हेत. त्यांच्याशी सोयरीक होऊ शकते, नव्हे, व्हावी अशी अपेक्षा असते. अशा लग्नाला तेलुगूत 'मेनरिकम्' म्हणतात. मुलगी आत्याच्या घरी सून म्हणून गेली की तिची सासू ही अगोदरपासूनच तिची 'अत्त' असते. आत्याचा नवरा तो मामा. आपल्याकडेही कित्येक घरांत आत्याच्या यजमानांना मामा म्हणतात, त्याचे कोडे येथे उलगडते. जावयाच्या बाजूने पाहिले तर मामाच्या मुलीशी लग्न केल्यावर सासरा हा मामा आणि सासू ही मामी. आपल्याकडे सासूला 'मामी' म्हणणारे जावई अजून आहेत.

इरावती कर्वे यांनी १९५३मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या इंग्रजी ग्रंथात भारतातील आप्तसंबंधांचा सबंध नकाशाच काढला. उत्तर, मध्य, दक्षिण आणि पूर्व असे त्याचे विभाग त्यांनी केले. महाराष्ट्र त्यात मधल्या पट्ट्यात येतो. उत्तरेत मामाची मुलगी ही बहीण. तिच्याशी विवाह हा विचारही कानाला लागू देत नाहीत. दक्षिणेत मामाची मुलगी चालते, आत्याची मुलगी चालते, आणि कित्येक जातींत थोरल्या बहिणीच्या मुलीशी खुद्द मामाचे लग्न होते. महाराष्ट्राने काय केले? मध्येच थांबला. मामाच्या मुलीवर हक्क सांगितला, आत्याच्या मुलीला नकार दिला. कारण विचारले तर म्हातारी माणसे सांगत की, दिलेल्या लेकीची वेल परत माहेरी आणू नये. आणि भाचीशी लग्न हे ऐकताच आमच्या सौभाग्यवतींनी पदर तोंडाला लावला. दक्षिणेकडे जाणाऱ्या गाडीत बसायचे, पण उतरायचे अर्ध्या वाटेवर, असा आपला स्वभाव दिसतो.

या चालीचे समर्थन करण्याचा माझा हेतू नाही, हे तरुण वाचकांसाठी स्पष्ट केलेले बरे. जवळच्या रक्तनात्यात लग्ने झाली की काही आनुवंशिक विकारांचा संभव वाढतो, हे आज सर्वांना ठाऊक आहे. १९५५च्या हिंदू विवाह कायद्याने जवळच्या नात्यातील विवाहांना मनाई केली, मात्र जेथे तशी रूढी आहे तेथे अपवाद ठेवला. चाल हळूहळू मागे पडत आहे. नावे मागे राहिली आहेत, आणि आपला विषय नावांचा आहे.

ही नावे किती जुनी असावीत? सातवाहन राजा हाल याच्या नावावर असलेली 'गाथासप्तशती' महाराष्ट्री प्राकृतात आहे. तिच्यातल्या सुना सासूला 'अत्ता' म्हणतात. म्हणजे मराठी मराठी होण्याच्या आधीपासून या मुलखातील सासू ही आत्या होती. माझ्या आईने 'सप्तशती'चे नावही ऐकलेले नव्हते. तिने फक्त हाक मारली.

तेव्हा दक्षिण कोठे सुरू होते, हा प्रश्न मला नव्याने पडला. नागपूरकरांना तो पडायलाच हवा. हे शहर १७०२च्या सुमारास वसवले ते देवगडच्या बख्तबुलंद या गोंड राजाने, आणि गोंडी ही द्राविड कुळातील भाषा आहे. २०११च्या जनगणनेत जवळजवळ ३० लाख लोकांनी ती आपली मातृभाषा म्हणून नोंदवली. यवतमाळकडची कोलामी, तीही द्राविडच. चंद्रपूर-यवतमाळकडे 'वार' शेवटी असलेली जी कोमटी आडनावे आढळतात, त्यांतला 'वार' हा तेलुगूतला 'वारु'. इतके सारे अंगणात असताना आम्ही 'साउथ' म्हणून बोट दाखवतो ते चेन्नईकडे.

माझ्या वर्गात एक गोंड विद्यार्थी होता. त्याने मला एकदा दहापर्यंत अंक म्हणून दाखवले होते. व्याही बोलायला बसले असताना मला ते आठवले आणि मी म्हटले, "उंदी, रंड, मूंड, नालुंग." व्याही उठून बसले. "रेंडु, मूडु, नालुगु," त्यांनी बोटे मोडत साथ दिली. पाचाला मात्र आमची गाडी रुळावरून घसरली. गोंडीत 'सैयुंग', तेलुगूत 'ऐदु'. पण चारपर्यंत आम्ही बरोबर आलो होतो. पहिल्या भेटीत दोन व्याह्यांनी चारापर्यंत एकमताने मोजले, ही काही लहान गोष्ट नव्हे. हुंड्याच्या बैठकीत एकावरही एकमत होत नाही. (आमच्याकडे ती बैठक झाली नाही, आणि त्याचे श्रेय मुलांचे आहे.)

शब्दांचे साम्य मात्र जपून वापरावे लागते. विश्वनाथ खैरे यांनी संस्कृत, मराठी आणि तमिळ या तिघींची आद्याक्षरे घेऊन 'संमत' नावाचा विचार मांडला आणि बाळगाण्यांपासून देवदेवतांपर्यंत तमिळ मुळे शोधली. त्यांची पुस्तके वाचताना मौज वाटते आणि मनातल्या मनात हो-हो म्हणत पाने उलटली जातात. पुस्तक मिटल्यावर दहांपैकी काही ठिकाणी शंका उरते. तेलुगूत भावजयीला 'वदिन' म्हणतात, आपण 'वहिनी' म्हणतो. असे जुळे दिसले की लगेच नाते लावावेसे वाटते. तो मोह आवरावा. दोन माणसांचे नाक सारखे असले म्हणजे ती भाऊ असतातच असे नाही.

माझ्या मते खरा पुरावा शब्दांत नसून वाक्यांच्या बांधणीत आहे. शब्द बाजारातून आणता येतो. वाक्याची घडण घरात शिकावी लागते, आईच्या मांडीवर. अमेरिकन भाषाशास्त्रज्ञ फ्रँकलिन साउथवर्थ यांनी १९७१मध्ये असा विचार मांडला की, मराठीच्या घडणीत मूळच्या द्राविड भाषकांचा हात मोठा असावा. त्याची चाचणी मला माझ्या जावयावर घेता आली.

जावई लग्नानंतर मराठी शिकू लागला. पहिला शब्द त्याला अगोदरच येत होता. मी पानात तिसरी पोळी वाढू लागताच तो म्हणाला, "नक्को." हैदराबादच्या दखनी बोलीने हा शब्द मराठीकडूनच उचललेला आहे, म्हणजे आमचीच वस्तू त्याने आम्हाला भेट दिली. पण पाहा, हिंदीत 'नहीं चाहिए' असे दोन शब्द जोडावे लागतात. मराठीत 'हवे' आणि 'नको' अशी जोडी आहे, तेलुगूत 'कावालि' आणि 'वद्दु' अशी. 'येतो म्हणून सांगितलं' हे आपले वाक्य तो सहज बोलतो, कारण तेलुगूतही बोलणे आधी, मग 'म्हणून' या अर्थाचा 'अनि', आणि मग 'सांगितले' अशीच रांग लागते. लिंगांत मात्र त्याची दैना उडते. "माझा आई आली," असे तो अजून म्हणतो, आणि त्याची सासू ते कौतुकाने साऱ्या गल्लीला सांगते.

आणि एका जागी तो कधीच चुकला नाही. 'आम्ही' आणि 'आपण'. ऐकणाऱ्याला वगळून 'आम्ही', त्याला धरून 'आपण'. हिंदीत दोहोंना 'हम'. माझे एक उत्तरेकडचे सहकारी नागपुरात तीस वर्षे राहिले, मराठी फर्डे बोलत. पण निवृत्तीच्या दिवशीसुद्धा मला म्हणाले, "चला, आम्ही चहा घेऊ," आणि मी क्षणभर जागीच बसून राहिलो. गुजरातीत हा भेद आहे. तमिळ-तेलुगूत तो पूर्वापार आहे. तेलुगूत 'मेमु' म्हणजे आम्ही, 'मनम्' म्हणजे आपण. त्यामुळे जावयाला हे कोणी शिकवावे लागले नाही. पहिल्याच महिन्यात तो म्हणाला, "बाबा, आपण जेवू."

या 'आपण'ची किंमत मला का कळली, तेही सांगतो. त्याच वर्षी दिवाळीच्या आधी मुलीचा फोन आला. "बाबा, आम्ही यंदा इकडेच आहोत." मी म्हटले, हरकत नाही. वास्तविक हरकत होती. पंचवीस वर्षे तिच्या तोंडी घराबद्दल 'आपण' होते. आपण कधी जायचं, आपल्याकडे काय आहे, आपला आकाशकंदील कुठे ठेवला. त्या दिवशी प्रथमच तिने मला बाहेर ठेवून एक 'आम्ही' उच्चारला, आणि तो व्याकरणदृष्ट्या अगदी निर्दोष होता. मीच शिकवला होता. सर्वनामाचे हे दोन प्रकार मी फळ्यावर किती वेळा लिहिले असतील. त्यांतला एक इतका लागेल, याची कल्पना नव्हती. हिंदी घरातला बाप या बाबतीत सुखी म्हणायचा. त्याच्या मुलीचे 'हम' ऐकून त्याला आपण आत आहोत की बाहेर, हे कळत नाही.

सणांच्या बाबतीत तुलनेने भांडणच नव्हते. उत्तरेत महिना पौर्णिमेला संपतो, आपल्याकडे आणि आंध्र-तेलंगण-कर्नाटकात अमावास्येला. म्हणून गुढीपाडवा आणि उगादी एकाच दिवशी; कडुनिंबही दोन्हीकडे. फक्त आपण पुरणपोळी म्हणतो, ते बोब्बट्लु म्हणतात, आणि जावई ती गरम तुपाशी खातो, म्हणजे 'तुप्पा'शी नव्हे. आजच्या तेलुगूत तुपाला 'नेय्यि' म्हणतात आणि आपण जपलेला तो जुना शब्द कानडीत जास्त चालतो. पोळ्याचेही तसेच. श्रावणी अमावास्येला आपण बैल सजवतो, त्याच दिवशी तेलुगू मुलखात पोलाला अमावास्या असते. तेथे बायका लेकरांच्या आयुष्यासाठी पूजा करतात.

यंदा पोळ्याला मुलगी, जावई आणि चार वर्षांचा नातू असे तिघे आले होते. नातू तेलुगूच जास्त बोलतो. मराठी त्याला समजते, पण बोलताना तो आईकडे पाहतो. ज्याची मला भीती होती ते निम्मे खरे झाले आहे, हे कबूल करतो. तान्ह्या पोळ्याच्या सकाळी आम्ही त्याला लाकडी बैल आणून दिला, त्याच्या चाकांना तेल घातले, शिंगांना बेगड लावली. दुपारी गल्लीतली पोरे आपापले बैल ओढत रस्त्यावर निघाली. तो दारात उभा राहून पाहत होता. त्याची आई आत स्वयंपाकघरात होती आणि बाप झोपला होता. विचारायला मी एकटाच होतो. त्याने बैलाची दोरी माझ्या हातात दिली आणि म्हणाला, "ताता, मनम् वेळ्दामा?"

तेलुगू मला येत नाही. पण 'मेमु' कोणते आणि 'मनम्' कोणते, एवढे एव्हाना पक्के झाले होते. मी चपला शोधू लागलो.